‘पाच वर्षं उलटली, आता उशीर झाला का?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र नाशिकच्या सिडकोतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करतात. नवरा अंबड एमआयडीसीत, पाळीवर. मुलगा सव्वापाच वर्षांचा, सीनियर केजीत.

ताई दोन वर्षांच्या असताना त्यांना निफाड तालुक्यात आजोळी ठेवलं आणि सातव्या वर्षी नाशिकला परत आणलं. इथे वडिलांचा हात आणि पट्टा, दोन्ही चालायचं. आता संध्याकाळी मुलाला लिहायला बसवलं की त्यांचाच हात उठतो, आठवड्यातून दोनतीनदा. ‘नीट वागला नाहीस तर आजीकडे सोडून येईन’ असंही तोंडातून जातं. रात्री तो झोपल्यावर त्या शेजारी बसून रडतात. ‘पहिल्या पाच वर्षांत मेंदू ९० टक्के घडतो’ हे मोबाइलवर इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं हातातून गेलं, असं त्यांना वाटतं. बालपणीच्या आघातांची ऑनलाइन चाचणी सोडवली, तर ४ गुण आले. नवरा म्हणतो, “आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?” आईवडील निवृत्तीनंतर निफाडच्या त्याच घरी राहायला गेले आहेत. आई म्हणते, “वर्षभर आमच्याकडे ठेव त्याला, तू जरा शांत हो.”

ताईंचे प्रश्न तीन. मुलाचं नुकसान होऊन गेलं का? माझ्यावर झालं तेच मी करणार, हे ठरलेलंच आहे का? आणि नोकरी सोडू की मुलाला आजोळी ठेवू?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात भीती आणि अपराधीपणा एकमेकांत गुंतले आहेत. भीतीचा बराच भाग अर्धवट माहितीवर उभा आहे, तो आधी बाजूला करू. अपराधीपणाचं तसं नाही. मुलाला मारणं थांबायलाच हवं, त्यात मी तुम्हाला सूट देणार नाही. पण भीतीने गांगरलेल्या माणसाकडून ते थांबत नाही, म्हणून हा क्रम.

त्या ९० टक्क्यांचं आधी बघू. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या साधारण ९० टक्के होतं, हे खरं आहे. त्यावरून माणूस ९० टक्के घडून झाला, असं म्हणता येत नाही. राग आवरणं, थांबून विचार करणं ही कामं कपाळामागच्या ज्या भागाकडे असतात, त्याची जुळणी पंचविशीपर्यंत चालते. सुरुवातीची वर्षं नाजूक असतात याचा एक भक्कम पुरावा रुमानियातून आला. तिथल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २००० साली बुखारेस्टमध्ये अभ्यास सुरू झाला. दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेलेली मुलं नंतर गेलेल्यांपेक्षा अधिक सावरली. पण त्या मुलांना ‘आपलं’ म्हणावं असं एकही माणूस नव्हतं. तुमचा मुलगा पाळणाघराच्या दारात तुम्हाला बघून चप्पल न घालताच धावत येतो, हे तुम्हीच लिहिलंय. ही दोन मुलं एका मापात बसत नाहीत.

त्या ४ गुणांचंही तसंच. ही चाचणी अमेरिकेत सुमारे १७,००० प्रौढांच्या अभ्यासातून आली, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. हजारो माणसांच्या गटात गुण वाढले की आजारांचा धोकाही वाढतो, एवढंच ती सांगते. एका माणसाचं पुढे काय होईल ते त्यातून कळत नाही. अभ्यास करणाऱ्यांपैकी रॉबर्ट आंडा यांनी स्वतः २०२० मध्ये इशारा दिला की हे गुण एकेका व्यक्तीला लावू नका. ते पान मिटवून टाका.

आता दुसरा प्रश्न, तेच आपण करणार का? लहानपणी छळ सोसलेल्या पालकांपैकी किती जण तो पुढे नेतात, याचे तोवरचे अभ्यास कॉफमन आणि झिगलर यांनी १९८७ साली तपासले आणि साधारण ३० टक्के असा अंदाज काढला. तो आकडा लहान नाही, पण दहातले सात जण ते पुढे नेत नाहीत, हेही त्यातच आहे. मग त्या सातांकडे काय असतं? मिनेसोटात गरीब घरांतल्या आयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात तीन गोष्टी पुढे आल्या. लहानपणी मायेचं एखादं दुसरं माणूस, पुढे कधीतरी दीर्घकाळ घेतलेलं समुपदेशन, आणि आता साथ देणारा जोडीदार. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या अभ्यासातही तेच दिसलं. अडचणीच्या घरांतली जी मुलं नीट उभी राहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांना निदान एक तरी टिकून राहिलेलं माणूस होतं.

इथे मी तुमच्या पत्राकडे परत येते. तीन पानांत वडिलांवर दीड पान आहे. आजीवर एकच ओळ आहे: “ती वेणी घालताना गोष्ट सांगायची, दहा वर्षांपूर्वी गेली.” आणि त्याच पानावर तुम्ही म्हणता, “मला लहानपणी कुणी नव्हतंच.” ताई, दोन ते सात ही पाच वर्षं तुम्हाला कुणी वाढवलं?

मला वाटतं तुमच्या हिशेबात एक मोठी नोंद चुकीच्या बाजूला पडली आहे. ‘आईवडिलांनी मला ठेवून दिलं’ हे दुःख खरं आहे. पण सातव्या वर्षी नाशिकला आणलं तेव्हा तुमचं सगळ्यात जवळचं माणूस सुटलं, ते आजी होती. त्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नसणार, कारण मोठ्यांच्या लेखी मुलगी ‘घरी परत’ आली होती. अशी परत आणलेली मुलं वर्ष-दोन वर्षं हट्टी, रडवी, ‘ऐकत नाही’ अशी होतात. तुमच्यावरचा मार नेमका तेव्हा सुरू झाला, यात मला नवल वाटत नाही. मायेने सांभाळणं कसं असतं ते तुमच्या अंगात आहे. शोधायचं असेल तर वडिलांच्या नाही, आजीच्या आठवणींत शोधा.

म्हणूनच ‘आजीकडे सोडून येईन’ हे वाक्य आजपासून बंद. मारण्याच्याही आधी हे बंद करा, असं मी म्हणेन. एरवी पोरं अशा धमक्या हसण्यावारी नेतात. पण तुमच्या घरात ती धमकी खरी होऊ घातली आहे, आणि मुलांना मोठ्यांचे फोन ऐकू येतात.

आता तुमची संध्याकाळ. तुम्ही वेळा लिहून पाठवल्यात हे फार बरं झालं. साडेसहाला पाळणाघर, पावणेसातला घरी, कुकर लावून सातला वही उघडायची, साडेनऊला जेवण, साडेदहाला झोप, सकाळी पावणेसातला उठवायचं. मूल सकाळी साडेआठपासून घराबाहेर आहे, चारनंतर काही खाल्लेलं नाही. तुम्हीही एकच्या डब्यावर आहात. दोन उपाशी, दमलेली माणसं सातच्या ठोक्याला क-ख-ग गिरवायला बसतात. इथे वडील कसे होते हा प्रश्न नंतरचा, आधी खायला द्या.

घरात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत दोघांनी खायचं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, दूध-पोहे, काहीही. तुम्ही उभ्याने चहा घेऊन भागवू नका, त्याच्याबरोबर बसून खा. मग कुकरच्या आधी १५ मिनिटं जमिनीवर त्याच्याबरोबर. फोन दुसऱ्या खोलीत. खेळ तो ठरवेल, तुम्ही शिकवायचं नाही, ‘हा कोणता रंग?’ असंही विचारायचं नाही. तो गाडी ढकलतो, तुम्ही म्हणा, “गाडी पुलावरून चालली.” पहिले चार दिवस हे फार कंटाळवाणं वाटतं आणि भाजी चिरायची राहिली म्हणून जीव वर-खाली होतो. बहुतेक जण इथेच सोडून देतात. पण दिवसभर तुमची वाट बघितलेल्या मुलाला ही १५ मिनिटं आधी मिळाली, तर नंतर वहीवर बसून तुमचं लक्ष ओढून घ्यायचं कारण कमी होतं.

लिहिण्याला दहा मिनिटांहून जास्त देऊ नका. गजर लावा, वाजला की ओळ अर्धी असली तरी वही बंद. सव्वापाच वर्षांच्या मुलाच्या बोटांचे बारीक स्नायू अजून तयार होत असतात. दोन पानं लिहायचा कंटाळा करणारं मूल आळशी नसतं, त्याचा हात दुखतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षं हा खेळातून शिकण्याचा टप्पा धरला आहे. बाईंच्या डायरीत सरळ लिहा: “रोज दहा मिनिटं बसतो, तेवढंच करून पाठवते.” बहुतेक बाई मान डोलावतात, फार तर एकदा बोलावतील. उरलेला सराव ओट्यापाशी होऊ द्या. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, याने बोटांत जास्त ताकद येते.

आणि झोप. या वयात २४ तासांत १० ते १३ तास लागतात. साडेदहा ते पावणेसात म्हणजे सव्वाआठ. पाळणाघरात तास-दीड तास झोपतो असं धरलं तरी दहा पुरे होत नाहीत, आणि दुपारी न झोपलेल्या दिवशी तर प्रश्नच नाही. जेवण आठला आणा, दिवा सव्वानऊला बंद. नवरा यायचा असेल तर त्याच्यासाठी थांबायचं नाही.

एवढं करूनही राग येईल. तो आवरण्यात माणसं कमी पडतात, कारण ती चुकीच्या ठिकाणी ब्रेक लावायला जातात. हात उचलला गेल्यावर थांबणं जवळपास अशक्य असतं. तुमच्या पत्रात प्रत्येक प्रसंगात हाताच्या आधी एक वाक्य आलंय: “किती वेळा सांगायचं तुला!” तुमची थांबायची जागा ती. ते वाक्य तोंडात आलं की पेन्सिल खाली ठेवायची, उठायचं आणि म्हणायचं, “मला राग आलाय. मी ओट्यापाशी जाऊन पाणी पिऊन येते, लगेच येते.” कुठे जाताय आणि परत येताय, हे दोन्ही सांगायचं. बाथरूममध्ये कडी लावून बसू नका. आईच्या रागापेक्षा आई नाहीशी होण्याला मुलं जास्त घाबरतात. तिथे पाच-सहा श्वास, बाहेर सोडायचा तो आत घेण्यापेक्षा लांब. दोन-तीन मिनिटांत परत या. परत आल्यावर वही उघडायची नाही, त्या दिवसापुरता अभ्यास संपला. “मग तो लाडावेल,” असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

चूक झालीच, तर रडणं तो झोपल्यावर नको. त्याचा त्याला काही उपयोग नाही. जागा असताना, त्याच रात्री, त्याच्या उंचीला बसून बोला: “मघाशी मी तुला मारलं. ते चुकलं. तुला दुखलं असेल, भीती वाटली असेल. राग आवरणं हे माझं काम आहे, तुझं नाही.” एवढंच. ‘पण तूही ऐकत नाहीस’ हे शेपूट जोडलं की माफी संपली. चॉकलेट देऊ नका, ‘आईला माफ केलंस ना?’ विचारू नका आणि हमसून रडू नका, नाहीतर तोच तुमचे डोळे पुसायला लागेल आणि पुढे तेच आपलं काम समजेल. तो “हं” म्हणून खेळायला पळाला तर पळू द्या, ऐकलेलं असतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आया आणि तान्ह्या बाळांच्या हालचाली टिपल्या. चांगल्या जोड्यांचेही सूर फक्त ३० टक्के वेळ जुळलेले असतात, उरलेला वेळ बिनसणं आणि पुन्हा जुळणं चालतं, असं त्यांना दिसलं. हे साध्या बिनसण्याबद्दल आहे. आठवड्यातून तीनदा मारून तीनदा माफी मागितली, तर त्या माफीला मूल चौथ्या आठवड्यात विचारणार नाही.

एक सावधगिरी. मार थांबला की पहिले दोन-तीन आठवडे मुलगा जास्त त्रास देईल. काल ज्याला चापट होती त्याला आज काय, हे तो तपासून बघतो. नेमकं तेव्हाच घरातले म्हणतात, “बघ, मारल्याशिवाय ऐकतच नाही.” हे येणार आहे, ते आधीच नवऱ्याला सांगून ठेवा. आणि दोन आठवडे एका छोट्या वहीत रोज एक ओळ: वेळ, आधी काय झालं, कुणी काय खाल्लं होतं, नवऱ्याची पाळी कोणती, आणि शेवटी शांत, आवाज की हात. हिशेबाची तुम्हाला सवय आहे. माझा अंदाज, बहुतेक नोंदी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात निघतील, म्हणजे तो ३ ते ११ बाहेर असताना.

नवऱ्याचं म्हणणं वाद घालून खोडता येणार नाही, कारण तो स्वतःच्या वडिलांची बाजू घेतोय. माहितीसाठी सांगते, २०१६ साली ७५ अभ्यास आणि सुमारे १,६०,००० मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि चिंता जास्त दिसली, ऐकणं वाढल्याचं दिसलं नाही. सरासरी परिणाम छोटा होता, त्यामुळे ‘माझं काही बिघडलं नाही’ असं म्हणणारे भेटणारच, आणि ते खोटंही बोलत नसतात. तेव्हा मत बदलायची वाट बघू नका, काम वाटून घ्या. पहिल्या पाळीच्या आठवड्यात (७ ते ३) त्याने पाळणाघरातून आणायचं आणि वही त्यानेच घ्यायची. रात्रपाळीच्या आठवड्यात तो संध्याकाळी घरीच असतो, जेवण भरवणं त्याच्याकडे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घरात अभ्यास नाही, चक्क सुट्टी. सीनियर केजीत याने काहीही बुडत नाही.

वडिलांना जाब विचारावा का, असं तुम्ही शेवटी घाईत लिहिलंय. ते आता नातवाला खांद्यावर घेऊन द्राक्षाच्या बागेत फिरवतात आणि ते बघून तुमचा जळफळाट होतो. होणारच. पण दिवाळीत सगळे जमलेले असताना हा विषय काढलात, तर भांडण होईल आणि हाती काही लागणार नाही. आईला एकटीला गाठा आणि माहिती विचारा. मला ठेवलं तेव्हा घरात काय चाललं होतं? कोणी ठरवलं? मी परत आल्यावर कशी होते? उत्तरं अपुरी मिळतील, काही खोटीही असतील. मग स्वतः बसून दोन ते दहा वयाची गोष्ट लिहून काढा, आजीसकट. मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात पालकांच्या मुलाखती घेऊन दाखवलं की मुलाचं आईशी नातं कसं होईल, हे आईचं बालपण किती सुखाचं होतं यापेक्षा ती ते किती सलग, काही न लपवता सांगू शकते यावरून जास्त कळतं.

राहिले दोन पर्याय. वर्षभर आजोळी ठेवायला माझा स्पष्ट नकार. घर तेच, मारणारे हात तेच, आणि सहाव्या वर्षी परत आणाल तेव्हा पहिलीची शाळा आणि आजी सुटण्याचं दुःख एकदम. सुट्टीत तुम्ही बरोबर असताना चार दिवस जा, खुशाल. आई नाशिकला तुमच्याकडे पंधरा दिवस आली, तर त्याहून चांगलं.

नोकरी आत्ता सोडू नका. बिनसतं ते साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत, आणि नोकरी सोडल्यावरही हे तीन तास राहतातच, वर पैशाची ओढाताण. आधी ऑफिसात विचारा, सकाळी अर्धा तास लवकर येऊन संध्याकाळी अर्धा तास लवकर निघता येईल का. दोन महिन्यांनी वही बघून पुन्हा ठरवा.

बाहेरची मदत कधी घ्यायची? महिनाभर हे करूनही हात थांबत नसेल, अंगावर वळ उठत असतील, किंवा तुम्हालाच झोप-भूक नसणं, जगणं नकोसं वाटणं असं असेल, तर थांबू नका. वळ आणि जगणं नकोसं वाटणं, या दोन्हींसाठी महिनाही मोजू नका. मुलात बघायचं ते असं: अंथरूण ओलं करणं थांबून सहा महिने झाले होते आणि पुन्हा सुरू झालं, कुणी हात वर केला की डोकं झाकतो, खेळणंच बंद केलंय, स्वतःला चावतो किंवा डोकं आपटतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या कुणाच्या घरातलं मूल धोक्यात दिसलं, तर त्यासाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. प्रत्यक्ष भेटायचं तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. मुलाच्या बोलण्या-ऐकण्याची किंवा वाढीची शंका असेल, तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी तिथेच करा. पहिल्या भेटीला मुलाला न्यावं लागत नाही. नवऱ्याची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात एक दिवस दोघांनी सुट्टी टाका आणि जाताना ती दोन आठवड्यांची वही घेऊन जा. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.